चालत्या आज्ञावलीची विचारपूस

एखादा मुलगा पाटीवर मोठा गुणाकार करीत असतां त्याची चूक नेमकी कोठें होते, हें शिक्षकानें कसें पाहावें? पाटी पुसून त्यास पुन्हां आरंभ करावयास लावावें, तर चुकीची खूणच नाहींशी होते. मध्येंच पाटी ओढून घ्यावी, तर मनांतला हातचा तो विसरतो. संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीची अडचणही अगदीं हीच आहे.

समजा, तिकिटें देणारी एखादी आज्ञावली आठवडाभर अखंड चालूं आहे आणि आठव्या दिवशीं ती चुकीचे आंकडे देऊं लागली. चुकीचा पुरावा तिच्या चालत्या स्मृतींत असतो. ती बंद केली कीं तो पुसला जातो. पुन्हां सुरू केल्यावर ती कांहीं दिवस शहाण्यासारखी वागते. रोग मात्र अज्ञातच राहतो.

पायथन ही संगणकभाषा १९९१ पासून लोकांच्या वापरांत आहे. तींत लिहिलेली आज्ञावली चालूं असतां तपासावयाची, तर तशी तरतूद आधींच करून ठेवावी लागे. नाहीं तर बाहेरचें साधन तिच्या स्मृतींत बळेंच शिरवावें लागे, आणि त्यांत ती कोलमडण्याचें भय असे. ऑक्टोबर २०२५ मध्यें निघालेल्या ३.१४ या आवृत्तींत यावर चांगली तोड निघाली आहे.

प्रत्येक चालत्या आज्ञावलीस संगणक एक क्रमांक देतो. त्या क्रमांकावरून परीक्षक तिच्या स्मृतींत जणूं एक चिठ्ठी ठेवतो: अमुक फाइलींतील सूचना पाळ. आज्ञावली ती लगेच वाचीत नाहीं. हातांतली पायरी पुरी करून सुरक्षित टप्प्यावर आली म्हणजेच वाचते. त्यामुळें हातचा सुटत नाहीं. ती दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहत अडून बसली असेल, तर चिठ्ठीही तोंवर तशीच पडून राहते. पुढें ‘पीडीबी’ नांवाच्या दोषशोधक साधनानें आंतील किमती विचारतां येतात, इतकेंच नव्हे तर बदलतांही येतात. परीक्षक परगांवीं असला, तर जाळ्यावरून त्या संगणकांत प्रवेश करून तेथूनच त्यानें हें करावयाचें. मात्र विचारपूस चालूं असेपर्यंत आज्ञावली थबकलेली असते, आणि गिऱ्हाईक खोळंबतें, हें विसरूं नये.

जो किंमत बदलूं शकतो, तो हिशेबही बिघडवूं शकतो. म्हणून त्या संगणकावर पुरेसा अधिकार असल्याखेरीज ही चिठ्ठी ठेवतां येत नाहीं. आणि ज्यांस हें दारच नको असेल, त्यांस तें आधींपासून बंद ठेवतां येतें.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. मुलाच्या पाटीवरचें उत्तर आपण सुधारलें, म्हणून त्यास गुणाकार आला असें होत नाहीं. चालत्या स्मृतींत केलेली दुरुस्ती आज्ञावली बंद होतांच लोपते; दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां आपल्या मूळ लिखिताप्रमाणेंच वागते. तेव्हां आंत डोकावून चूक ओळखावी, अडलेलें काम वाटल्यास तेवढ्यापुरतें सोडवावें; परंतु खरी दुरुस्ती मूळ लिखितांतच करावी.