कचेरीत नवे साधन का रुजत नाही?

कारखान्यात नवे यंत्र आले, की जुने उचलून बाहेर ठेवता येते. दुसऱ्या दिवसापासून कामगार नव्या यंत्रावर उभा राहतो. त्याला दुसरी वाटच उरत नाही. परंतु मंडळींनी मिळून काम करावे म्हणून इंटरनेटवर जी सॉफ्टवेअरे मिळतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. मालक पैसे भरतो, प्रत्येकाला पासवर्ड मिळतो, एक दिवस शिकवणी होते; आणि महिन्याभराने पाहावे, तो सारा कारभार पुन्हा फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि टेबलापाशी जाऊन विचारण्यावर चाललेला! मग ‘आमची माणसे जुन्या वळणाची’ असे म्हणून मालक मोकळा होतो. हा निकाल बहुधा चुकीचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

हे साधन म्हणजे तरी काय? पेढीवर एकच रोजकीर्द असते. ज्याला पाहायचे तो तीच उघडतो. तशीच ही सामाईक वही समजा. फरक इतकाच, की ती दहा गावांतल्या दहा माणसांसमोर एकाच वेळी उघडी असते. कोणते काम कोणाकडे, कोठे अडले, गिऱ्हाइकाला काय कबूल केले, हे सारे तिच्यात. अर्थात कोणी लिहील तर!

आता एक उदाहरण घेऊ. ‘लोटस नोट्स’ हे अशा प्रकारचे सॉफ्टवेअर १९८९ साली अमेरिकेत विक्रीस आले. (लोटस कंपनी १९९५ मध्ये आयबीएमने घेतली आणि २०१९ मध्ये नोट्स आपल्याकडील एचसीएलच्या हाती आले, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.) उद्योगांना सल्ला देणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन संस्थेने ते आपल्या हजारो माणसांना दिले. एकाला गवसलेले ज्ञान सर्वांना मिळावे, हा हेतू. तेथे काय घडले याचा अभ्यास वांडा ऑर्लिकोव्स्की या विदुषींनी केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांना आढळले ते असे. शिकवणीत कोणती कळ दाबावी हे सांगितले गेले. पण हे साधन कशासाठी, हे बहुतेकांच्या मनात उतरलेच नाही. कोणाला ते टपालासारखे वाटले, कोणाला फॅक्ससारखे. पण याहून खोल कारण हिशेबात होते. त्या संस्थेत प्रत्येक तास कोणत्या तरी अशिलाच्या नावे मांडावा लागे. नवे साधन शिकण्याचा तास कोणाच्या नावे मांडायचा? शिवाय तेथील रीत अशी, की वर चढा, नाही तर बाहेर पडा. दुसऱ्याला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, ह्याच बळावर बढती मिळायची. अशा माणसाला ‘तुझे ज्ञान सामाईक वहीत लिही’ म्हणणे म्हणजे त्याची शिदोरी पंगतीत वाढून टाक म्हणण्यासारखेच. तो लिहीत नसे, यात नवल ते कसले? उलट ज्यांची जागा पक्की होती असे वरिष्ठ, आणि ज्यांना अशिलांच्या तासांचा जाच नव्हता असे तांत्रिक विभागातले लोक, हे नोट्स पुष्कळ मोकळेपणाने वापरीत. संस्था तीच, सॉफ्टवेअरही तेच!

आपल्याकडचा पंचवीस वर्षांचा अनुभवी कारकून घ्या. कोणता व्यापारी उधारी बुडवतो, कोणती फाइल कोठे आहे, हे त्याला तोंडपाठ. त्यावर त्याचा मान आणि कदाचित नोकरीही उभी आहे. ते सारे वहीत उतरल्यावर आपले काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मालकाने आधी द्यायला हवे.

दुसरा मुद्दा जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८ मध्येच मांडला होता. कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, असे झाले की ही साधने पडतात. त्यांचे उदाहरण सामाईक दिनदर्शिकेचे. सर्वांनी आपापल्या वेळा भरल्या, तर साहेबांना बैठक ठरविणे सोपे. पण वेळा भरायच्या हाताखालच्यांनी, आणि त्यांच्या पदरात काय? आणखी एक बैठक.

तिसरी अडचण टेलिफोनच्या जातीची आहे. गावात एकाकडेच टेलिफोन असेल, तर तो कोणाशी बोलणार? ‘गूगल वेव्ह’ २००९ मध्ये मोठ्या गाजावाजाने आले. पण प्रारंभी प्रवेश मोजक्या निमंत्रितांना. आत शिरलेल्याचे सहकारी बहुधा बाहेरच. इतर कारणेही होती, पण ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने ते आवरते घेतल्याचे जाहीर केले. ‘स्लॅक’ने २०१३ पासून उलट वाट धरली. एका खेळाच्या कंपनीने आपल्याच कामासाठी केलेले ते साधन. ते एकेका छोट्या तुकडीत, पण सबंध तुकडीत शिरले. एखाद्या तुकडीत सुमारे २,००० संदेश झाले, म्हणजे तिने ते खरोखर वापरून पाहिले, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणून सबंध कंपनीला एका दिवसात नव्या वहीवर बसवू नये. जे पाच-सात जण रोज एकमेकांवर अवलंबून असतात, ते सगळे घ्यावे. चौघे आत आणि तिघे बाहेर, असे नको. कामही एकच घ्यावे, समजा गिऱ्हाइकांच्या तक्रारी. त्या कामापुरती जुनी वाट खरोखर बंद करावी, नाही तर तेच दोनदा लिहावे लागते आणि दुसऱ्यांदा कोणी लिहीत नाही. शिकण्याचे तास पगारी वेळेतच धरावेत. वहीत लिहून दुसऱ्याचे काम सोपे करणाऱ्याची नोंद बढतीच्या वेळी व्हावी. आणि कोण किती वाजता हजर होता, हे हेरण्यासाठी मालकाने ती वही उघडू नये. एकदा तसा वास आला, की लोक तिच्यात दाखवण्यापुरते लिहितात आणि खरे बोलणे चहाच्या टपरीवर होते.

राहता राहिले मालक. तक्रारीचे काय झाले, हे वहीत लिहिलेले असताना ते फोन करून विचारतात. ज्याने वेळेवर लिहून ठेवले, त्यालाच पुन्हा तोंडी सांगावे लागते. असे चार वेळा झाले, की पाचव्या वेळी तो लिहीत नाही, फोनची वाट पाहतो.