वर्षभर पाळायचा, दुसऱ्याच्या गळासाठी!

वीकेंडला काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर सिंहगड? पेनसिल्व्हेनियात ऑनसाईट आल्यावर माझंही तेच चाललं होतं, फक्त लोकेशन बदललेलं. मग ऑफिसातल्या एकानं विचारलं, ‘मासे सांभाळायला येतोस?’ मला वाटलं, शेजाऱ्याचा फिश टँक असेल. निघाले काही हजार ट्राउट!

फंडा असा. इथल्या राज्याचं मत्स्य खातं उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्थानिक क्लबांना ट्राउटची बोटभर पिल्लं देतं. ती वाढवायची क्लबवाल्यांनी, खाद्याचा खर्चही त्यांचाच, आणि पुढच्या वसंतात गावच्या तळ्यात किंवा ओढ्यात सोडायची. अट एकच, तिथं गळ टाकायला येणाऱ्याकडून जागेचे पैसे घ्यायचे नाहीत. १९३२ पासून हे चालू आहे. अशा १०० हून जास्त नर्सऱ्या, वर्षाला सुमारे १० लाख मासे, आणि राबणारे सगळे हौशी, बिनपगारी.

आमची नर्सरी म्हणजे काँक्रीटचे दोन लांबलचक हौद. एका टोकानं झऱ्याचं पाणी येतं, दुसऱ्या टोकानं जातं. ट्राउट हा भलता नाजूक जीव. त्याला पाणी १०-१२ अंशांचं थंडगार हवं आणि वाहतं हवं, कारण थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. २० अंशांच्या वर तो कासावीस होतो, २५ च्या आसपास जगणंच कठीण. म्हणून रोज तापमान बघायचं, खाद्य मोजून टाकायचं, तळ झाडायचा, मेलेले मासे उचलून वहीत आकडा लिहायचा. हौदावर जाळी, कारण बगळ्यांसाठी हा अनलिमिटेड बुफे! माझी पाळी रविवारी सकाळी. मला शिकवलं सत्तरीच्या एका आजोबांनी. आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेलं. मला ते ‘किड’ म्हणतात. मी ३१ वर्षांचा आहे.

ऑक्टोबरात एका रात्री अडीचला फोन वाजला. प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना ही वेळ ओळखीची असेल. मी झोपेतच लॅपटॉप शोधायला लागलो. पण बंद पडला होता तो सर्व्हर नाही, झरा! पानगळीची पानं तोंडाशी अडकून पाणी थांबलं होतं आणि अलार्मनं सगळ्यांना फोन लावले होते. इतक्या दाटीत, पाणी वाहतं नसेल तर ऑक्सिजन संपायला फार वेळ लागत नाही. मी पोचलो तेव्हा आजोबा छातीपर्यंतचा रबरी सूट चढवून पाण्यात उभे, दोन्ही हातांनी पानं उपसत होते. हौदात मासे वर येऊन तोंडं उघडत होते. टॉर्चच्या उजेडात शेकडो तोंडं, आणि आवाज अजिबात नाही. कुणीतरी पंप आणला, आम्ही बाकीचे उपसत राहिलो. सकाळपर्यंत २१४ मेले. आकडा लिहिताना आजोबांचा हात थरथरत होता. थंडीनं, म्हणाले.

एवढं करून मासे दहा-अकरा इंचांचे होतात, आणि आम्ही ते बादल्यांनी, हातोहात तळ्यात सोडतो. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ वाजता सीझन उघडतो. काठावर खांद्याला खांदा लावून माणसं, चिल्लीपिल्ली, थर्मास. माणशी दिवसाला ५ मासे. थोड्याच दिवसांत तळं जवळजवळ रिकामं! मी आजोबांना विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, मागे राहतात त्यांचं वाटतं. आमचं तळं उथळ, जुलैत तापतं. उरलेला ट्राउट तसाही जगत नाही.

याला पर्यावरणरक्षण मात्र म्हणू नका, प्लीज. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिककडचा, ब्राऊनची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून आली. इथला खरा रहिवासी ब्रूक ट्राउट. तो ज्या डोंगरी ओढ्यांत अजून टिकून आहे, तिथं पाळीव मासे सोडणं म्हणजे त्याच्या ताटात वाटेकरी बसवणं. क्लबात यावरून खडाजंगी होते, आणि मी ब्रूकच्या पार्टीत. गावच्या तळ्यात सोडा की खुशाल!

आई फोनवर एकच विचारते, ‘चवीला कसा रे?’ आई, बरा आहे. सुरमईची सर नाही.

यंदा आजोबांचा गुडघा बदललाय. त्यामुळे रविवारच्या जोडीला त्यांची बुधवार संध्याकाळही माझ्याकडे आली आहे. नवी पिल्लं यायच्या आत जाळी शिवायची आहे.