जर्मनची वाट मराठीतून



परदेशी भाषा म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. पुण्यामुंबईची मोठी शाळा, इंग्रजी माध्यम, गळ्यात टाय बांधलेली मुले. "आमच्या पोरांना इंग्रजीच धड येत नाही, तिथं हे जर्मन कुठलं काढलंत?" असा प्रश्न मला पुष्कळ ठिकाणी विचारला जातो. विचारणारे बहुधा शिक्षकच असतात आणि विचारतात ते मुलांच्या काळजीपोटीच. पण या प्रश्नात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी, की जर्मनकडे जायचे तर इंग्रजीच्या दारातूनच जावे लागते. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की तसे मुळीच नाही. मराठी शाळेतल्या मुलाला जर्मन मराठीतूनच शिकवावे. त्यात त्याची सोय आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती वाट जवळचीही आहे.

हा विषय आताच काढण्याचे कारणही सांगतो. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी करार केला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी जर्मनीला जाण्याची चर्चा तालुक्याच्या गावांतूनही ऐकू येऊ लागली. जिकडे तिकडे चौकशी सुरू झाली, की जर्मन शिकवतात कुठे? आणि चौकशीला येणारी बरीच मुले मराठी शाळेतलीच असतात.

मी स्वतः असाच एक. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो आणि कॉलेजसाठी पुण्यास आलो. हौसेने जर्मनच्या वर्गात नाव घातले. पुस्तक इंग्रजीत, समजावणे इंग्रजीत. एके दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. गुरुजींनी विचारले, "कसे काय?" मी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळविले, मग त्यातला एकेक शब्द उचलून जर्मन केले आणि म्हणालो, "इश बिन काल्ट." गुरुजी हसले. म्हणाले, "तुमचं इंग्रजीच कच्चं, जर्मन कसं यायचं?" मी खाली बसलो. पुढचे आठ दिवस त्या वर्गाकडे फिरकलो नाही.

आता गंमत पाहा. माझी चूक झाली ती इंग्रजी कच्चे होते म्हणून नव्हे, इंग्रजीमार्गे गेलो म्हणून. 'इश' म्हणजे मी, 'बिन' म्हणजे आहे, 'काल्ट' म्हणजे थंड. 'मी थंड आहे' असे मी म्हणालो, आणि जर्मन माणसाच्या कानाला त्याचा अर्थ लागतो 'मी निष्ठुर माणूस आहे' असा! थंडी वाजत असेल तर जर्मन माणूस म्हणतो, "मिअर इस्ट काल्ट." 'मिअर' म्हणजे 'मला'. मला थंडी वाजते, मला बरे वाटते, मला हे आवडते. आपण मराठीत जसे म्हणतो, तसेच. "मिअर गेफेल्ट डास बूख" म्हणजे 'मला ते पुस्तक आवडते.' इंग्रजीत इथे 'मी' येतो, मराठीत आणि जर्मनमध्ये 'मला'. मी त्या दिवशी नुसते मराठीत विचार करून बोललो असतो, तर निम्मे वाक्य आपोआप बरोबर आले असते.

अर्थात सगळीकडे असे जुळत नाही. भूक लागली की जर्मन माणूस 'माझ्याजवळ भूक आहे' अशा धर्तीवर बोलतो. तिथे आपला 'मला' चालत नाही. शिक्षकाने जुळणारे आणि न जुळणारे, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी मांडावे.

आता दुसरी गोष्ट घेऊ; ती लिंगाची. जर्मन भाषेत प्रत्येक नामाला लिंग असते आणि नामाआधी 'डेर', 'डी' किंवा 'डास' हा छोटा शब्द लावतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे मोठे कोडे वाटते. चमचा पुल्लिंगी का, काटा स्त्रीलिंगी का, सुरी नपुंसकलिंगी का, असे तो विचारीत बसतो. जर्मनमध्ये ती तशी आहेत खरी: 'डेर ल्योफेल', 'डी गाबेल', 'डास मेसर'. पण मराठी मुलाला यात नवल ते काय? तो चमचा, ती पळी, ते ताट, हे तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला आहे. तीन लिंगे हिंदीत नाहीत, इंग्रजीत नाहीत. मराठीत आहेत, गुजरातीत आहेत, कोकणीत आहेत, संस्कृतात आहेत आणि जर्मनमध्ये आहेत. तेव्हा 'डेर, डी, डास' म्हणजे 'तो, ती, ते' एवढे सांगितले, की मुलाच्या मनातली भीती निम्मी ओसरते.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. लिंगे तीन असली, तरी वस्तूगणिक ती जुळतीलच असे नाही. शाळा 'ती', 'शूले'ही 'डी'. घर 'ते', 'हाउस'ही 'डास'. पाणी 'ते', 'वासर'ही 'डास'. इथवर ठीक. पण आपली खिडकी 'ती', तर 'फेन्स्टर' 'डास'. आपले दार 'ते', तर 'ट्यूर' 'डी'. आणि आपला सूर्य 'तो', तर त्यांची 'झोने' 'डी'. म्हणून नाम कधीही एकटे पाठ करू देऊ नये. 'डेर', 'डी' किंवा 'डास' याच्यासकटच ते तोंडी बसवावे. फळ्यावर तीन रकाने आखा: तो, ती, ते. रंगीत खडू असतील तर तीन रकान्यांना तीन रंग ठेवा आणि वर्षभर ते बदलू नका. मुलांनी वहीत तसेच करावे.

एका शब्दापाशी मात्र मुले हटकून अडतात. मुलगी म्हणजे 'मेड्‌शेन', आणि ती 'डास', म्हणजे नपुंसकलिंगी! वर्गात हशा पिकतो. अशा वेळी मी विचारतो, "वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू, हे सगळे काय? 'ते'च ना?" लहानग्या जिवाला 'ते' म्हणण्याची आपलीही रीत आहे. जर्मनमध्ये 'शेन' हा प्रत्यय लहानपण दाखवितो, आणि तो लागला की शब्द 'डास' होतो. आमच्या वर्गात मालवणकडचे एखादे मूल असले तर ते लगेच सांगते, "आमच्याकडं मुलीला 'ता चेडू'च म्हणतात की!" तिथे मुलगी नपुंसकलिंगीच आहे. असे एकदा आपल्या बोलीतले उदाहरण निघाले, की तो नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

विभक्तीचेही तसेच. जर्मनमध्ये चार विभक्त्या आहेत. इंग्रजीत त्यांचा मागमूस फारसा उरलेला नाही, म्हणून इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. मराठी मुलगा 'घोडा, घोड्याने, घोड्याला' म्हणतच असतो. शब्दाचे काम बदलले की त्याचे रूप बदलते, हे त्याला ठाऊक आहे. फक्त जर्मनमध्ये बदल बहुतेक आधीच्या छोट्या शब्दात होतो: 'डेर मान' म्हणजे तो माणूस, 'डेन मान' आणि 'डेम मान' म्हणजे त्या माणसाला.

आता तुम्ही म्हणाल, "त्या माणसाला याला दोन रूपं कशाला?" बरोबर विचारलेत! 'मी त्या माणसाला पाहतो' आणि 'मी त्या माणसाला पाणी देतो', या दोन्ही वाक्यांत मराठीत 'ला'च आहे. जर्मन माणूस पाहताना 'डेन' म्हणतो आणि देताना 'डेम'. इथे मराठी अपुरी पडते आणि संस्कृत मदतीला येते. 'नरं पश्यामि' ही द्वितीया, 'नराय जलं ददामि' ही चतुर्थी. आठवीनववीच्या ज्या मुलाला संस्कृत आहे, त्याला हा भेद एका वाक्यात कळतो.

म्हणूनच जर्मन की संस्कृत असा झगडा लावलेला मला आवडत नाही. केंद्रीय विद्यालयांत 2011 सालच्या करारानंतर जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जात होती. 2014 च्या नोव्हेंबरात, वर्ष निम्मे उलटल्यावर, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला आणि देशभर वाद माजला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पण या दोन भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत, ही गोष्ट त्या गलक्यात मागे पडली. मातृ आणि 'मुटर', भ्रातृ आणि 'ब्रूडर', दुहितृ आणि 'टोख्टर', नाम आणि 'नामे', अस्ति आणि 'इस्ट', ही जोडी-जोडीने लिहून दाखवा. 1816 साली फ्रान्स बोप या जर्मन पंडिताने संस्कृत क्रियापदे ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन कुळातील भाषांशी ताडून पाहिली आणि तिथून भाषांच्या तौलनिक अभ्यासाला बळ आले. वर्गात ही हकीकत पाच मिनिटांत सांगून होते.

वाक्यरचनेत जर्मनची एक खोड आहे. क्रियापदाचा मूळ पदसमूह आपल्यासारखाच असतो, क्रियापद शेवटी. 'आज पुण्याला जाणे' हे जर्मनमध्ये 'हॉयटे नाख पुणे फारेन'. 'फारेन' म्हणजे जाणे, ते शेवटीच आले. पण साध्या विधानात क्रियापद उचलून दुसऱ्या जागी बसवतात. मी मुलांना सांगतो, पंगतीत क्रियापदाचा पाट दुसरा. पहिल्या पाटावर 'मी' बसो की 'आज' बसो, दुसरा पाट क्रियापदाचा राखीव. आणि वाक्यात 'कारण' किंवा 'की' अशा अर्थाचा शब्द आला, की गौण वाक्यातले क्रियापद पुन्हा आपल्या मराठी जागी, शेवटी जाऊन बसते.

आकड्यांत तर आपले आणि त्यांचे सूत अगदी जमते. इंग्रजीत आधी वीस, मग चार. मराठीत चोवीस, म्हणजे आधी चार, मग वीस. जर्मनही तसेच: 'फीअर-उन्ट-त्स्वान्त्सिश', चार आणि वीस. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस चार' अशी वाचनाची रीत आली तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली, ते तुम्हाला आठवत असेल. जर्मनीतही आकडे उलटे बोलण्याची ही रीत बदलावी असे म्हणणारे लोक आहेत.

उच्चारांतही मराठीची मदत होते. 'त्साइट' म्हणजे वेळ. त्यातला 'त्स' आपल्या 'चारा', 'चूल' यांतल्या 'च'च्या अगदी जवळ आहे. 'झोने'तला 'झ' म्हणजे 'झाडा'तला 'झ'. एक स्वर मात्र आपल्याकडे नाही. त्यासाठी ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि तोंडात 'ई' म्हणावे. मुलांना हे एकमेकांच्या तोंडाकडे बघून करू द्या. हसतील, पण शिकतील.

आता पालकांसाठी दोन शब्द. युरोपात भाषेच्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पातळ्या मानतात. शाळेत आठवड्याला थोडे तास मिळाले, तर मूल पहिल्या एकदोन पातळ्या गाठते; म्हणजे नाव-गाव सांगणे, दुकानात मागणे, साधे पत्र वाचणे. परिचारिकेला तिथे कामाची पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-1 ते बी-2 एवढी तयारी लागते, आणि तिथे पोचायला नियमित अभ्यासाचा बराच काळ जातो. तेव्हा "तीन महिन्यांत जर्मन, चौथ्या महिन्यात विमान" असे कोणी सांगून पैसे मागू लागला, तर घरची जमीन गहाण टाकण्याआधी शाळेतल्या गुरुजींना विचारा.

आणि शिक्षकहो, तुमच्या शाळेत आज जर्मनचा तास नसेलही. तरी उद्या मराठी व्याकरणाच्या तासाला 'वासरू' आणि 'मेड्‌शेन' एका रकान्यात लिहून बघा. जर्मनचा तास असेल, तर एवढेच करा: मूल अडखळले, की "इंग्रजीत काय म्हणतात?" असे न विचारता "मराठीत कसं म्हणशील?" असे विचारा. ते नीट म्हणेल, आणि तिथून पुढे तुम्ही त्याला घेऊन जा. मी आठ दिवसांनी वर्गात परत गेलो, तो एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मला हाच प्रश्न विचारला म्हणून. नाहीतर आज तुमच्याशी या विषयावर बोलायला मी आलोच नसतो.