विज्ञानकादंबरीची शिफारस : ‘केरळकोकीळ’ ते नाशिक

विज्ञानातील एखादे ज्ञात तत्त्व किंवा शक्यता आधाराला घेऊन, त्यात एक कल्पित बदल गृहीत धरून, त्या बदलाचे माणसांच्या जगण्यावर काय परिणाम होतील याचा दीर्घ कथनातून घेतलेला शोध म्हणजे विज्ञानकादंबरी, अशी ढोबळ व्याख्या केली, तर मराठी वाचकाचा या प्रकाराशी असलेला परिचय सुमारे सव्वाशे वर्षांचा ठरतो. एवढ्या काळात पुस्तके बदलली, तशीच ती दुसऱ्या वाचकाच्या हाती देताना पुढे केली जाणारी कारणेही बदलली. कधी ते कारण नवलाचे होते, कधी ज्ञानाचे, तर कधी धोक्याच्या इशाऱ्याचे. नाशिक येथे ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांना मिळाले आणि विज्ञानलेखकाला हा मान प्रथमच लाभला, तेव्हा या शिफारशीच्या इतिहासाचा एक टप्पा पूर्ण झाला. त्या टप्प्यापर्यंतची वाटचाल पाहिली, तर आज कोणती कादंबरी कोणाला सुचवावी, या प्रश्नाचे उत्तरही काही अंशी हाती लागते.

या वाटचालीची सुरुवात अनुवादाने झाली. कृ. ना. आठल्ये यांच्या ‘केरळकोकीळ’ मासिकातून १९०० साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या १८६५ मधील कादंबरीवर आधारलेली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तर त्यानंतरच्या काळात ‘मनोरंजन’ मासिकात आलेली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही मराठीतील आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून सामान्यतः नोंदली जाते. पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्यांची ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ अशी रसाळ रूपांतरे केली आणि मराठी घरांतील मुलांच्या काही पिढ्या त्यांवर पोसल्या गेल्या. या रूपांतरांनी वाचक घडवले हे खरेच, पण त्यांच्यामुळे विज्ञानकादंबरी ही शाळकरी वयाची गोष्ट आहे, असा समजही रुजला. परिणामी वडीलधारी माणसे ही पुस्तके मुलांना कौतुकाने आणून देत, मात्र समवयस्काला सुचवताना संकोचत.

प्रौढांसाठीची वाट ‘नवल’सारख्या मासिकांनी मोकळी केली असली, तरी तिथे विज्ञानकथेचा शेजार भयकथेशी आणि रहस्यकथेशी होता. नारायण धारप यांची ‘नेनचिम’ वाचणारा वाचक बहुधा त्यांच्या भयकथांच्या ओढीनेच तिच्यापर्यंत पोहोचत असे. ग्रंथालयांच्या कपाटांतही ही संदिग्धता उतरली. तीच कादंबरी एके ठिकाणी ललित कादंबऱ्यांत, दुसरीकडे रहस्यकथांत आणि तिसरीकडे बालविभागात लागत असल्यामुळे, देवघेवीच्या टेबलाशी ‘अशीच आणखी एक द्या’ म्हणणाऱ्या सभासदाला पुढचे पुस्तक मिळणे हे त्या टेबलामागील माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले.

या प्रकाराला स्वतःचे नाव आणि प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम मराठी विज्ञान परिषदेने केले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९७० पासून विज्ञानरंजन कथास्पर्धा सुरू केली. विज्ञानरंजन म्हणजे कथानकाच्या गोडीतून विज्ञानाची ओळख करून देणे. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली; कृष्णविवर म्हणजे ज्याच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही असा अवकाशातील प्रदेश. तोपर्यंत जगभर ख्याती मिळवलेल्या जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून हे टोपणनाव तयार केले होते, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठवली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांची ती पसंती लेखकाच्या कीर्तीला नव्हे, तर समोर आलेल्या मजकुराला होती, म्हणून या प्रसंगाचे महत्त्व नुसत्या किश्श्याहून मोठे आहे. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली, आणि मासिकांचे व दिवाळी अंकांचे संपादक विज्ञानकथा मागवून घेऊ लागले.

या प्रतिष्ठेची एक किंमत मात्र मोजावी लागली. ‘वाचा, विज्ञान समजेल’ ही शिफारस रूढ झाली आणि तिने कथेला शिकवणीच्या रांगेत बसवले. वास्तविक चांगल्या विज्ञानकथेत संकल्पनेचे स्पष्टीकरण हा जोत्याचा दगड असतो. वाचक राहतो तो त्यावर उभ्या केलेल्या घरात. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक इतिहासकार समांतर विश्वात, म्हणजे आपल्या विश्वासारख्याच पण घटनांनी वेगळे वळण घेतलेल्या विश्वात, जाऊन पोहोचतो. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठे जिंकलेले आहेत. कथा पुंजभौतिकाचा, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म पातळीवर एकाच निश्चित निकालाऐवजी शक्यतांची भाषा करणाऱ्या शास्त्राचा, आधार घेते. तरीही तिची पकड बसते ती पानिपत हा शब्द मराठी मनात अजून सलतो म्हणून. तोच शास्त्रीय आधार दुसऱ्या भाषेतील वाचकाला तितकाच कळेल, पण ती गोळी कानाजवळून निसटून जाण्याचे मोल त्याला वेगळे समजावून सांगावे लागेल.

स्पर्धा आणि दिवाळी अंक या दोन्ही व्यासपीठांना आटोपशीर मजकूर हवा असल्यामुळे मराठीत विज्ञानकथा भरभरून लिहिली गेली आणि कादंबरी तुलनेने मोजकी राहिली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांची ओळख वाचकाला बहुतांशी कथांतूनच होते. तरीही लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’, शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’ आणि राजकीय कादंबऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अरुण साधूंची ‘विप्लवा’ ही नावे जाणकार वाचकांच्या यादीत टिकून आहेत.

नारळीकरांच्या कादंबऱ्यांपैकी ‘प्रेषित’मध्ये परग्रहाशी जोडलेला मुलगा माणसांमध्ये वाढतो, त्यामुळे आपलेपणा कोणाविषयी वाटावा हा तिचा खरा प्रश्न होतो. ‘वामन परत न आला’मध्ये खोल भूगर्भात एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातील ज्ञानाच्या बळावर वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. बळीराजाकडे तीन पावले भूमी मागून त्रैलोक्य व्यापणाऱ्या वामन बटूची कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला संकटाचे स्वरूप मुखपृष्ठावरच कळते : मागणारा दिसायला लहान आहे, देणारा स्वतःच्या दातृत्वावर खूश आहे, आणि या वेळी बळीच्या जागी सगळी मानवजात उभी आहे. माणसाच्या आज्ञेबाहेर जाणाऱ्या यंत्रांची चर्चा घरोघरी पोहोचलेल्या आजच्या काळात ही कादंबरी नव्या वाचकाला सुचवण्यासाठी वेगळे समर्थन लागत नाही.

सुबोध जावडेकरांची ‘आकांत’ मात्र आरंभीच्या व्याख्येलाच आव्हान देते, कारण तिच्यामागे १९८४ च्या डिसेंबरमधील भोपाळची वायुदुर्घटना आहे आणि त्या दुर्घटनेत कल्पित असे काहीच नव्हते. तरीही वाचक तिला विज्ञानकादंबऱ्यांच्या ओळीत बसवतात, ते तंत्रज्ञान आणि माणूस यांच्यातील नात्याचा हिशेब ती मांडते म्हणून. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी वाढलेल्या नाशिककर वाचकाला ती सुचवताना अंतराळ, काळयंत्र किंवा परग्रह यांतील एकाचीही मदत घ्यावी लागत नाही.

शिफारशीचा हा इतिहास नाशिकशी केवळ एका संमेलनापुरता जोडलेला नाही. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांच्या तोंडचे ‘सावाना’, हे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक आहे. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने तर वाचकाने ग्रंथालयात यावे ही अटच काढून टाकली. निवडक पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, तिथे ती वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते, आणि अशा पेट्या परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या आहेत. पेटी भरणाऱ्याला ती उघडणारा माणूस ठाऊक नसतो. ओळखीच्या वाचकाला त्याची आवड पाहून पुस्तक देता येते. अनोळखी वाचकासाठी मात्र ते अशा बेताने निवडावे लागते, की विज्ञानाशी शाळेतच फारकत घेतलेल्या माणसानेही पहिली वीस पाने ओलांडावीत.

अशा पेटीसाठी या सव्वाशे वर्षांतून निघणारा क्रम काहीसा असा लागतो : कथेची सवय लावण्यासाठी आधी ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा कथासंग्रह, मग पुराणकथेचा हात धरून ‘वामन परत न आला’, त्यानंतर पायाखालच्या जमिनीकडे परत आणणारी ‘आकांत’, आणि तिथवर आलेल्या वाचकासाठी साधू, गोगटे, लोंढे-देशमुख व धारप. हा क्रम गुणवत्तेच्या उतरंडीचा नसून वाचकाच्या सवयीचा आहे, आणि त्यात ‘विज्ञान समजेल’ हे आश्वासन कुठेही द्यावे लागत नाही. एक गोष्ट बदलली तर आपल्यासारख्या माणसांचे काय होईल, एवढे कुतूहल त्याला पुरते.

नाशिकच्या संमेलनाला नारळीकर प्रकृतीच्या कारणास्तव प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९७४ च्या स्पर्धेत परीक्षकांसमोर त्यांची कथा होती पण नाव नव्हते. नाशिकच्या मांडवात नाव सर्वत्र होते, पण लेखक नव्हता. दोन्ही वेळा वाचकाच्या हाती उरला तो मजकूर, आणि पेटीतून पुढच्या घरी जाते तेही तेवढेच.