कर्वेनगरातून सायबर सुरक्षेकडे

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डे घेऊन २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसे उभी होती आणि यंत्रे त्यांना पैसे देत होती. बँकेच्या तिजोरीला कुणी हातही लावला नव्हता. कार्ड खरे आहे का, खात्यात रक्कम आहे का, हा प्रश्न एटीएमकडून बँकेकडे ज्या स्विचमार्फत जातो, त्याच्या जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला होता. तो प्रत्येक वेळी ‘द्या’ असेच सांगत होता. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

अशी हालचाल वेळेत ओळखणारी माणसे बँकांना, रुग्णालयांना, कारखान्यांना हवी आहेत. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने आदेश काढला, की सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत कळवायचे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या. म्हणजे त्या नोंदी वाचणारे कुणीतरी नोकरीवर हवेच.

कर्वेनगरात हा विषय निघाला की घराघरांत एकच समजूत ऐकू येते : हे काम इंजिनिअरांचे, आपल्या मुलांचे नव्हे. याच भागात, जुन्या हिंगण्याच्या माळावर, १९०० मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा मुलींसाठी झोपडी बांधली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला ते तिथून पायी जात. त्याच संस्थेचे कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून इथे उभे आहे. पण तिथे प्रवेश न मिळालेल्या, वाणिज्य किंवा बीसीए करणाऱ्या मुलीने काय करायचे?

पुण्यानेच याचे एक उत्तर दिले आहे. रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. मग संगणक दुरुस्तीकडे वळले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बेजार असत. संजय यांनी त्यावर उतारा लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. अर्थात तो काळ वेगळा होता. आज नुसत्या हुशारीवर दार उघडत नाही, कागद लागतो.

कागदाचे मार्ग मात्र आहेत. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून कितीतरी मुले या क्षेत्रात शिरतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत त्याच नावाची योजना आणली. चालू महाविद्यालयातच, स्थानिक उद्योगांशी ठरवून, पदविका द्यायची, अशी ती कल्पना. बारावीनंतर ‘नायलिट’चा ओ लेव्हल करता येतो. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकची सहा महिन्यांची पदविका नेटवर्क आणि सुरक्षेवरच आहे, पण तिला सी-कॅट परीक्षा आणि अभियांत्रिकी किंवा एमसीएसारखी पदवी लागते. बीसीए झालेली मुलगी इथे अडते. तिच्यासाठी मधली पायरी हवी आणि ती भरायला ‘तीन महिन्यांत हॅकर बना’ म्हणणारे क्लास टपलेले असतात. फी मोठी, हातात येते एक रंगीत प्रमाणपत्र.

त्यापेक्षा आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप घ्यावा. लिनक्स फुकट, वायरशार्क फुकट, सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचा प्राथमिक अभ्यासक्रमही फुकट. सहा महिने रोज दोन तास नेटवर्क कसे चालते एवढेच शिकावे. कंटाळवाणे आहे, पण सारी इमारत त्यावर उभी राहते. गणिताला भिऊ नये. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लिपी फोडायची रीत लिहून ठेवली, ती अक्षरे मोजण्याची : भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते ते पाहायचे आणि गुप्त मजकुरातल्या खुणांशी ताडायचे. नोंदींतही तेच करायचे असते. रोज दहा वेळा येणारी गोष्ट आज हजार वेळा का आली?

एक गोष्ट पोरांना बजावून सांगायला हवी. शेजाऱ्याचे वायफाय किंवा कॉलेजची वेबसाइट ‘सराव’ म्हणून परवानगीशिवाय फोडणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सराव आपल्याच लॅपटॉपवर.

आणि घरच्यांनी आधीच समजून घ्यावे, पहिली नोकरी बहुधा पाळीची असते. देखरेख चोवीस तास चालते, सणाच्या दिवशीही. रमजानमध्ये सहरी कचेरीतल्या कँटीनमध्ये करावी लागेल. मुलीच्या रात्रपाळीवरून घरात वाद होतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिची संमती लागते आणि संरक्षण व घरापर्यंतची गाडी मालकाने द्यायची असते. नोकरी घेताना हे विचारायला लाजू नये. काम सुरुवातीला कंटाळवाणे असते, शंभर इशाऱ्यांतले बहुतेक खोटे निघतात.

मुलाखतीला एक जुना प्रश्न ठरलेला असतो : ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता टाइप करून एंटर दाबले की पान दिसेपर्यंत काय काय घडते? नावाचा आकडी पत्ता कोण शोधतो, जोडणी कशी होते, कुलूप कधी लागते, प्रमाणपत्र कोण तपासते. हे ज्या मुलीला न अडखळता पंधरा मिनिटे सांगता येते, तिला पदवी कोणती, हे विचारायचे पुष्कळदा समोरचेच विसरतात.