कोळंबीच्या तळ्यातील शेवाळाचा बंदोबस्त

कोकणच्या खाडीकाठी निमखाऱ्या पाण्यात कोळंबीची जोपासना करणाऱ्या शेतकरी बंधूंस शेवाळाचा उपद्रव परिचित आहे. तंतुमय शेवाळ तळाशी उगवते, पुढे सुटून पाण्यावर तरंगते व त्याच्या गुंत्यात लहान कोळंबी अडकून मरते.

शेवाळास वाढीसाठी प्रकाश व अन्न लागते. उथळ, नितळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. उरलेले खाद्य कुजून नत्र व स्फुरद मिळतात. यास्तव पाण्याची खोली किमान १ मीटर राखावी. खाद्याचा थोडा भाग तबकात ठेवून पाहावा. तो उरल्यास पुढील मात्रा कमी करावी. पाण्यातील सूक्ष्म प्लवंगांमुळे तळावर छाया पडते. पाणी गढूळ नसताना पांढरी तबकडी दोरीने खाली सोडावी. ती ३० ते ४० सेंटीमीटरांवर दिसेनाशी झाल्यास प्लवंग पुरेसे आहेत असे समजावे.

वाढलेले शेवाळ थोडेथोडे काढून बांधाबाहेर टाकावे. मोरचूद घालून ते एकदम मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मोरचूद कोळंबीसही अपायकारक आहे. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. पहाटे तो मुळातच सर्वांत कमी असतो. अशा वेळी हंगामभराचे पीक एका रात्रीत गुदमरून नष्ट होऊ शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तळ्यांची पाहणी सूर्योदयापूर्वी करावी. कोळंबी पृष्ठभागाशी गोळा झालेली आढळल्यास वातन यंत्रे तत्काळ चालू करवावीत व तळ्यात ताजे पाणी घेण्यास सांगावे.