मुलाखतीतला अर्धा सेकंद

एटापल्लीच्या विद्यार्थिनीला विद्यापीठ-प्रवेशाच्या मुलाखतीसाठी मुंबईला जायचे, तर आलापल्लीमार्गे बसने बल्लारशा गाठून रेल्वे धरायची. जाण्यायेण्यात तीन-चार दिवस मोडतात, आणि खर्च वेगळाच. ऑनलाइन मुलाखतीत हे सारे वाचते. ऑक्सफर्डने 2020 साली मुलाखती ऑनलाइन केल्या, त्या साथ ओसरल्यावरही तशाच ठेवल्या.

पण समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला साधारण 0.2 सेकंदच लागतो. 2009 साली दहा भाषांच्या अभ्यासात हे दिसले. आता समजा, गावातला टॉवर भूस्थिर उपग्रहाने जोडलेला आहे. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचावर. प्रश्नाला वर जाऊन खाली यायला 72,000 किलोमीटर, म्हणजे 0.24 सेकंद, उत्तरालाही तेवढेच. मुलीने तत्काळ उत्तर दिले तरी परीक्षकाला ते अर्धा सेकंद उशिराच ऐकू येणार! टॉवर तारेने जोडलेला असला तरी गर्दीच्या जाळ्यात थोडा विलंब होतोच.

परीक्षक हा दोष कोणाला देतो? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात, विलंब यंत्रणेचा असूनही लोकांनी पलीकडच्या माणसालाच कमी लक्ष देणारा ठरवले. घरी माडिया बोलणारी मुलगी उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत जुळवायला क्षणभर थांबते, तो क्षण यात मिसळतो. म्हणून विलंब किती आहे, हे तिने आरंभीच सांगून टाकावे.

तो शाळेतच मोजता येईल. दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या खोल्यांतून व्हिडिओ-कॉलवर आळीपाळीने 1 ते 20 अंक म्हणावेत. मग समोरासमोर बसून. दोन वेळांतील फरकाला 10 ने भागा.